रोज एकच वाट धर

अगं, परवा फोनवर तू म्हणालीस, "ताई, चालायला जाते गं, पण तेच ते रस्ते, तीच ती झाडं, आठ दिवसांत कंटाळा येतो." तेव्हापासून मनात घोळतंय की यावर तुझ्याशी एकदा निवांत बोलायला हवं. फोनवर ते होत नाही. तुझा एक कान मीटिंगकडे असतो आणि माझा कुकरच्या शिट्ट्यांकडे. म्हणून लिहायलाच बसले.

आधी माझं म्हणणं सांगून टाकते, मग बाकीच्या गप्पा. रस्ता बदलू नकोस. माघ लागल्यापासून चैत्र सरेपर्यंत तरी रोज एकाच वाटेने जा, जमेल तितकं एकाच वेळी जा, आणि त्या वाटेवरची चार-पाच झाडं आपली मानून टाक. तुला कंटाळा वाटेचा येतोय असं वाटतं, पण मला तुझी घाई दिसते. मनगटावरच्या घड्याळात पावलांचा आकडा पुरा झाला की तू माघारी वळतेस, आणि झाडाखालून जाताना तुझी मान वर होत नाही. आजचं झाड कालच्यापेक्षा वेगळं आहे हे मग कळणार कसं?

आपल्याकडचा वसंत मोठा लबाड असतो गं. सिनेमात दाखवतात तसा बर्फ वितळला आणि सगळीकडे एकदम फुलं आली, असं इथे होत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये दख्खनच्या पठारावर एका झाडाची पानं गळत असतात, शेजारच्याला पालवी फुटलेली असते आणि तिसरं अंगावर एक पान नसताना फुलांनी लगडलेलं असतं. पानगळ आणि पालवी एकाच आठवड्यात, एकाच वळणावर. ऊन तापायला लागलेलं असतं, गवत वाळून पार पिवळं झालेलं असतं. नवख्या माणसाला टेकडीवर गेल्यावर वाटतं, इथे कसला आलाय वसंत, सगळं भकास तर आहे! ज्याला परवाची फांदी आठवते त्यालाच आजची दिसते. दर रविवारी गाडी काढून नव्या जागी जाणाऱ्यांनाही सुंदर झाडं भेटतात, फोटो मिळतात. त्यांचं चुकतं असं मी म्हणत नाही. पण झाड बदलताना बघायचं सुख रोज जाणाऱ्याच्या वाट्याला येतं, आणि ते तुझ्या घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे.

वाट कुठली धरायची तेही सांगते. पुण्यातली लॉ कॉलेज टेकडी, हनुमान टेकडी, वेताळ टेकडी ही सगळी एकमेकींना चिकटलेली रांग. वेताळ टेकडीचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच, आणि चारही बाजूंना भर शहर. असा डोंगर घरामागे असणं हे पुणेकरांचं भाग्य आहे. तू पूर्ण रांग तुडवायला जाऊ नकोस. पायथ्याच्या रस्त्यापासून पहिल्या सपाटीपर्यंत जायचं आणि यायचं, इतकंच ठरव. पाऊण तास पुरे.

वेळेचं मात्र बघ. फेब्रुवारीच्या सुरुवातीला पुण्यात सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, मार्चअखेर साडेसहाच्या सुमारास, आणि एप्रिल संपता संपता सहा वाजून थोड्याच मिनिटांनी. म्हणजे तुला दर आठवड्याला थोडं थोडं अलीकडे सरकावं लागेल. सूर्योदयानंतरचा पहिला तास सगळ्यात चांगला. पाखरं बोलत असतात, ऊन तिरपं असतं, आणि तिरप्या उन्हात कोवळ्या पानाची शीर न् शीर दिसते. सकाळ जमत नसेल तर संध्याकाळी जा. संध्याकाळचं वेगळं देणं आहे, ते पुढे सांगते.

आता झाड. पहिलं झाड पिंपळाचं धर. पिंपळ कुठेही सापडतो, देवळापाशी, बसथांब्यामागे, एखाद्या वाड्याच्या भिंतीतसुद्धा. आणि त्याच्याइतकं मन लावून बदलणारं झाड मी दुसरं पाहिलं नाही. पानं गळायला लागली की रोज सकाळी खाली सडा पडतो. मग काही दिवस झाड उघडं. या उघड्या दिवसांतच जवळ जा, हाताला लागेल अशी फांदी शोध आणि तिचं टोक नीट बघ. टोकाला बारीक, लांबट, टोकदार कळी असते. तिच्या आत पान घट्ट गुंडाळून बसलेलं असतं, आणि वरून पातळ आवरण. एक दिवस ते आवरण सुटून खाली पडतं आणि आतून पान बाहेर येतं ते तांबूस गुलाबी, ओलसर चमक असलेलं, आणि नुकत्याच न्हाऊ घातलेल्या तान्ह्या बाळाच्या हातासारखं लुळं. देठापासून सरळ खाली लोंबतं. त्याला बोट लावलंस तर गार लागेल. टोकाची ती लांब शेपटी तेव्हापासूनच असते. मग रंग चढत जातो: तांबूस, मग पोपटी, मग हिरवा, आणि पान ताठ होऊन वाऱ्यावर सळसळायला लागतं. मऊ असताना ते वाजत नाही. आवाज कधी सुरू होतो त्याच्यावर लक्ष ठेव.

कोवळी पानं लालसर का असतात माहितीये? त्यांच्यात अँथोसायनिन नावाचं रंगद्रव्य असतं. पानातलं हरितद्रव्य तयार होईपर्यंत ते कडक उन्हापासून पानाचं रक्षण करतं, शिवाय लाल पान किड्यांनाही फारसं भावत नाही असं वनस्पतिशास्त्रज्ञ सांगतात. आंब्याच्या कोवळ्या पानांतही तेच, कडुनिंबाच्याही. आणि कुसुंब बघायचं असेल तर मुद्दाम सह्याद्रीच्या बाजूला जावं लागेल, पण एकदा तरी बघ. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याची पालवी इतकी लालभडक असते की लांबून फुलंच वाटतात.

एक गंमत सांगते. दोन पिंपळ शेजारी शेजारी असतील तर दोघांवर लक्ष ठेव. एक अजून जुनी पानं धरून बसलेला असतो आणि दुसरा नवी नेसून तयार असतो. माती तीच, पाणी तेच, तरी प्रत्येकाचं घड्याळ वेगळं. तू हल्ली सारखी म्हणतेस ना, अमकीचं सगळं मार्गी लागलं, माझंच मागे राहिलं? मी त्यावर काही उपदेश करत नाही. फक्त ते दोन पिंपळ बघून ये.

दुसरं झाड, वावळ. हे नाव तू ऐकलं असशील, झाड ओळखत नसशील. टेकडीच्या उतारावर, रस्त्याच्या कडेला सगळीकडे असतं. फेब्रुवारी संपता संपता उघड्या फांद्यांवर पोपटी झुबके दिसायला लागतात आणि माणसं म्हणतात, बघा, पालवी फुटली. ती पालवी नसतेच. ती फळं असतात! एक झुबका तोडून तळहातावर घे. गोल, चपटं, कागदासारखं पातळ पंख असलेलं फळ, मधोमध एक बी. पंख सोलून ती बी मुलं खातात. पुढे हीच फळं वाळून फिक्या तपकिरी रंगाची होतात आणि मार्च-एप्रिलच्या वाऱ्यावर भिरभिरत सगळ्या रस्ताभर पसरतात. खरी पालवी त्यानंतर येते. हे एकदा कळलं की दरवर्षी तू वावळीकडे बघून मनातल्या मनात हसशील.

फुलांकडे वळू या. या दिवसांत तीन तांबडी-केशरी झाडं फुलतात आणि तिन्हींची सरमिसळ होते. काटेसावर, पांगारा, पळस. ओळखायचं सोपं आहे. सावरीच्या खोडावर जाड शंकूसारखे काटे, फांद्या आडव्या पसरलेल्या, आणि फूल वाटीएवढं मोठं, मांसल पाच पाकळ्यांचं, मध्ये पुंकेसरांचा गुच्छ. ते फूल खाली पडताना धप्प आवाज येतो. पांगाऱ्याच्या फांद्यांवर बारीक काळे काटे, आणि फुलं फांदीच्या टोकाला गुच्छाने, लालभडक. पळसाला काटे नाहीतच. खोड वेडंवाकडं, कळ्यांवर काळपट मखमल, आणि त्यातून केशरी फूल. पान असेल तर पळसाचं त्रिदळ आपल्याला म्हणीतूनच पाठ आहे. पण फुलाच्या वेळी पान बहुधा नसतंच.

पळसाचं एक फूल खाली पडलेलं उचल, झाडावरचं तोडू नकोस. पाकळीच्या पाठीवरून बोट फिरव. रेशमी लव लागेल. एक पाकळी पोपटाच्या चोचीसारखी वळलेली असते, तिच्या आत केसर लपवलेले. मधासाठी शिंजीर पक्षी आला की त्याने वजन टाकताच ती चोच उघडते आणि पराग त्याच्या अंगाला लागतो. पानं आधीच गाळून टाकल्यामुळे ही फुलं पाखरांना लांबून दिसतात. उन्हाळ्याच्या तोंडावर, पाऊस अजून तीन-चार महिने लांब असताना झाड हा सगळा खर्च करतं, तो खोल गेलेल्या मुळांच्या आणि खोडात साठवलेल्या पाण्याच्या जोरावर. आपण त्याच वेळी सुकलेल्या टेकडीला भकास म्हणत असतो.

सावर फुलली की तिच्याखाली थांबायचंच, दहा मिनिटं तरी. मैना, बुलबुल, कावळे, खारी, सगळ्यांची तिथे झुंबड असते. आणि भोरड्या! गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख असलेल्या मैना. मध्य आशियाकडून त्या हिवाळ्यात थव्यांनी आपल्याकडे येतात आणि एप्रिलपर्यंत परत निघतात. जाण्याआधी सावरीच्या आणि पळसाच्या मधावर ताव मारतात. तुझ्या टेकडीवर त्या सावरीवर बसलेल्या दिसल्या तर त्यांना हजारो किलोमीटर जायचंय हे आठव. धोबी पक्षीही याच सुमाराला जातो, थिरथिराही. आपण येणाऱ्यांचं कौतुक करतो. पण वसंत म्हणजे किती जणांचं निघून जाणंही आहे. एक दिवस तुझ्या लक्षात येईल की वाटेवर शेपटी हलवत पळणारा तो धोबी बरेच दिवस दिसला नाही. तेही मनात टिपून ठेव.

एक गोष्ट मात्र जरा स्पष्टच बोलते. फेब्रुवारीत पुण्याच्या टेकड्यांवर फिकट गुलाबी फुलांचे जे ताटवे दिसतात आणि ज्यांचे फोटो तुमच्या ग्रुपवर 'आपलं जपान' म्हणून फिरतात, ते गिरिपुष्प. मूळचं मध्य अमेरिकेकडचं झाड, टेकड्या लवकर हिरव्या व्हाव्यात म्हणून लावलेलं. उंदीरमारी असंही त्याला म्हणतात, कारण ते उंदरांना विषारी. शहरातल्या रस्त्यांवर फुलणारा तो गडद गुलाबी टॅबेबुयाही अमेरिकेतलाच. ती दिसतात सुंदर, मीही थांबून बघते, झाडाचा त्यात काय दोष? पण त्यांचा फोटो काढताना मागे उभा असलेला पळस दिसला नाही, तर मला फार वाईट वाटतं. इथल्या पाखरांची, फुलपाखरांची, किड्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख इथल्या झाडांशी आहे. म्हणून तुझ्या चार-पाच झाडांत निदान तिघं तरी इथली असू देत.

आता कान. डोळ्यांपेक्षा कान लवकर शिकतात असा माझा अनुभव आहे, म्हणून हेडफोन घरी ठेव. तू म्हणशील, गाणी नसली तर चालवत नाही. पहिले दोन-तीन दिवस तसं होईल खरं. मग दयाळ ऐकू येईल. थंडीभर गप्प गप्प असलेला हा काळा-पांढरा पक्षी वसंत लागला की पहाटेच एखाद्या उंच टोकावर बसून गायला लागतो, आणि एकच ओळ धरत नाही, सारखी बदलतो. मग तांबट. टुक्, टुक्, टुक्, एका लयीत, थांबतच नाही. भर दुपारी बाकी सगळे गप्प झाले तरी याचं चालूच. दिसायला चिमणीहून थोडासा मोठा, हिरवा, कपाळावर आणि छातीवर लाल ठिपका, गळा पिवळा. दिसला की त्याच्या चोचीकडे बघ. एवढा आवाज काढताना ती मिटलेलीच असते, फुगतो तो फक्त गळा. वाळक्या फांदीला गोल भोक पाडून तो घर करतो. तुमच्या सोसायटीत पावसाळ्यापूर्वी झाडं छाटायची चर्चा निघेल तेव्हा एवढं बोल बाई, की रस्त्यावर किंवा गाड्यांवर पडेल अशी नसेल तर ती वाळकी फांदी राहू द्या. दुसरं कुणी बोलणार नाही.

कोकिळेबद्दल काय सांगू, तिला सगळेच ऐकतात. पण गाणारा तो काळा नर असतो, आणि मादी तपकिरी अंगावर पांढरे ठिपके असलेली, किक्-किक् करत पानांतून पळणारी. ती अंडी घालते कावळ्याच्या घरट्यात. म्हणून कोकीळ ओरडायला लागला की कावळ्यांकडेही बघ. काड्या, तारा, काय मिळेल ते चोचीत धरून त्यांची बांधकामं सुरू झालेली असतात. शिंजिराचा नर थंडीत पिवळसर, मळकट दिसतो, गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ. वसंतात तोच जांभळा-निळा लखलखीत होतो. मधल्या दिवसांत तो अर्धा असा अर्धा तसा असतो, आणि रोज जाणाऱ्याला ते रूपांतर दिसतं. आवाज ओळखू येत नसेल तर फोनवर मर्लिन नावाचं ॲप घे, आवाज ऐकून पक्ष्याचं नाव सांगतं. पण आधी स्वतः ऐक, मग त्याला विचार. आणि एका पक्ष्याची ओळख पक्की झाल्याशिवाय दुसऱ्याच्या मागे लागू नकोस.

टेकडीवर चालताना मोज्यांना गवताची कुसळं चिकटतील, तेव्हा वैतागू नकोस. घरी येऊन त्यातलं एक लांब शेपटीचं कुसळ ओल्या तळहातावर ठेव आणि बघ. ओल लागली की त्याची शेपटी आपोआप पीळ सोडते आणि कुसळ गरगर फिरतं. वाळलं की पुन्हा पीळ धरतं. असं ओलं-सुकं होत होत गवताचं बी स्वतःला मातीत खुपसून घेतं आणि पावसाची वाट बघत बसतं. टेकडीवरचं ते मेल्यासारखं दिसणारं गवत असं कामात असतं.

संध्याकाळचं म्हणाले होते ना, ते कडुनिंबासाठी. मार्चमध्ये त्याची जुनी पानं झडून तांबूस कोवळी येतात, पाठोपाठ बारीक पांढऱ्या फुलांचे तुरे. सकाळी त्यांच्याकडे लक्षही जात नाही. दिवस मावळला की वास सुटतो, मधासारखा गोड, आणि पानं इतकी कडू! सोसायटीच्या फाटकाशी कडुनिंब असेल तर जेवणानंतर पाच मिनिटं खाली उतरून ये, चालायचं नसलं तरी. गुढीपाडव्याला आई कोवळा पाला, फुलं, गूळ, ओवा, भिजवलेली हरभऱ्याची डाळ वाटून द्यायची आणि आपण दोघी तोंड वाकडं करायचो, आठवतंय? या वर्षी बाजारातून डहाळी आणण्याआधी ते झाड फुललंय का ते बघ. पाडवा कडुनिंबाच्या बहराच्या वेळीच येतो हे कॅलेंडरमध्ये वाचून कळत नाही, झाडाखाली कळतं. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची आंबेडाळ आणि पन्हं तसंच, कैरी त्या वेळीच हाताशी येते म्हणून.

कैरीवरून मोहोर आठवला. मोहोराचा एक तुरा जवळून बघ, त्यावर शेकडो, कधी हजारांवर फुलं असतात. त्यातली बरीचशी नुसती नर फुलं. माश्या, बारीक कीटक त्यांच्यावर घोंगावत असतात, त्यांना हाकलू नकोस, परागीभवन तेच करतात. पुढे वाटाण्याएवढ्या कैऱ्या धरतात आणि त्यातल्याही बहुतेक गळून पडतात. एका तुऱ्याला शेवटी दोन-चार राहिल्या तरी पुष्कळ. अवेळी पाऊस किंवा दाट धुकं आलं तर तेवढ्याही नाहीत. बाजारात आंबा महाग म्हणून आपण कुरकुरतो. मोहोर रोज बघणारी बाई जरा कमी कुरकुरते.

बहाव्याची मात्र घाई करू नकोस. त्याची पिवळी झुंबरं एप्रिल-मेची, ताम्हणही त्याच सुमाराला. वाटेवर करंज असेल तर मार्च-एप्रिलमध्ये खाली फिक्या जांभळट-पांढऱ्या फुलांचा थर साचतो, त्यावरून हळू चाल. शिरीष असेल तर मान वर करायच्या आधी नाकालाच कळेल.

थोडं मोठ्या बहिणीचं बोलते, ऐकून घे. अंधार असताना एकटी टेकडी चढू नकोस. सूर्य उगवल्यावर, माणसांची ये-जा असलेल्या वाटेनेच जा. कुठे जातेस आणि किती वाजता येणार हे घरी कुणाला तरी सांगून जा. मार्चनंतर टोपी आणि पाण्याची बाटली हवीच. साडेआठनंतर ऊन चढायला लागतं, तोवर खाली ये. पायात बूट घाल, खडी निसटते. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, वणवा. या दिवसांत टेकडीवरच्या गवताला एक काडीही पुरते. कुणीतरी सिगारेट टाकतं, कुणी मुद्दाम पेटवतं, आणि जमिनीवर घरटी करणारे पक्षी, सरडे, लावलेली रोपं सगळं काही मिनिटांत जातं. धूर दिसला की व्हिडिओ काढत थांबू नकोस, आगीपासून लांब हो आणि १०१ ला फोन लाव. आणि घरी खिडकीत पाखरांसाठी पसरट, उथळ भांड्यात पाणी ठेव. रोज बदल, नाहीतर डास होतील.

आणि लिहून ठेव, बरं का. नवी वही आणू नकोस, नव्या वहीचं ओझं होतं, पंधरा दिवसांत बंद पडते. तुझ्या स्वयंपाकघरात कालनिर्णय आहेच, ज्यावर तू दुधाचा हिशेब आणि गॅस कधी लावला ते लिहितेस. त्याच चौकोनात लिही: 'पिंपळ, पहिलं पान.' 'कोकीळ ओरडला.' 'सावरीवर भोरड्या.' दोन शब्द पुरे. वर्ष संपल्यावर ते कालनिर्णय फेकू नकोस, खिळ्यावर नव्याच्या मागे अडकव. पुढच्या माघात मागचं पान उलटून बघशील आणि तुझ्या पिंपळाची तारीख तुझ्याकडे असेल. ज्यांना आवड आहे त्यांच्यासाठी सीझनवॉच म्हणून एक उपक्रमही आहे देशभर. आपलं एक झाड ठरवायचं आणि दर आठवड्याला पानं, फुलं, फळं किती आहेत ते नोंदवायचं. अशा साध्या नोंदींतून ऋतू कुठे सरकतायत ते अभ्यासकांना कळतं. पण ते तुला वाटलं तरच, आणि एक वसंत पुरता बघून झाल्यावर.

वाचायला दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' देते. १९५६ सालचं पुस्तक, बारा मराठी महिन्यांवर बारा लेख. एका बैठकीत वाचून संपवू नकोस. ज्या महिन्यात आपण आहोत तो लेख वाच, आणि दुसऱ्या दिवशी बाहेर जाऊन बघ.

कधी जमणार नाही. डेडलाइन असेल, पाहुणे असतील, अंग मोडून आलं असेल. त्या दिवशी गॅलरीतून दिसणाऱ्या झाडाकडे चहा होईपर्यंत बघितलंस तरी चालेल. त्याचा हिशेब कुणाला द्यायचा नाहीये. दिवसभर तू सगळ्यांना हिशेब देत असतेस, ऑफिसात, घरात, अगदी त्या घड्याळालासुद्धा. मला तुझी काळजी वाटते ती त्यामुळे. ज्या पाऊण तासात तुझ्याकडून कुणाला काही नको असतं असा एक तरी तुझ्या दिवसात असावा, असं मला फार मनापासून वाटतं. झाडं त्यासाठी फार चांगली सोबत आहेत.

रविवारी सकाळी पावणेसातला मी तुझ्या फाटकाशी येते. 'ऋतुचक्र' घेऊन येते. तू तोवर तुझा पिंपळ ठरवून ठेव, आणि घड्याळ घरी ठेवून खाली ये.